भिडू शेजारी होता तेव्हा

ऑनलाइन खेळामुळे व्हिडिओ गेमचं भलं झालं की वाटोळं, हा वाद आमच्या गोडदेवात मी दोन पिढ्यांच्या तोंडून ऐकला आहे. चाळिशीतली माणसं म्हणतात वाटोळं. त्यांची मुलं फोनवरची नजर न हलवता म्हणतात, भलं.

पुष्कळांना वाटतं, व्हिडिओ गेम हा मुळात एकलकोंडा खेळ होता आणि त्यात माणसं आणली ती इंटरनेटने. इतिहास उलटं सांगतो. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' बनवला, तो दोघांनी खेळायचा. १९७२चा 'पाँग'ही दोघांचाच. भिडू पहिल्यापासून होता. फक्त तो शेजारी असायचा.

आमच्याकडे तो नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर सतरंजीवर येऊन बसला. जपानी यंत्राची नक्कल केलेली स्वस्त यंत्रं, पिवळ्या कॅसेटी, आणि कॅसेट चालली नाही की मारायची फुंकर! 'कॉन्ट्रा'त धबधब्याचा एक टप्पा होता. तिथे एकाने घाईने वर उड्या मारल्या, तर मागे राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरत असे. त्यावरून आमच्या इमारतीत दोन सख्खे भाऊ आठवडाभर बोलत नव्हते. खेळातलं शहाणपण म्हणजे भिडूसाठी थांबणं, हे तिथे मार खाऊन कळायचं.

मग आले सायबर कॅफे. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली, त्याच सुमारास गोडदेव नाक्याजवळच्या एका गाळ्यात आम्ही 'काउंटर-स्ट्राइक' खेळू लागलो. हा खेळ मुळात 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या खेळात हौशी मंडळींनी फेरफार करून घडवलेला; २००० साली तो बाजारात आला. संगणक आपसात वायरीने जोडलेले असले की झालं, इंटरनेटची गरज नसे. ज्याने गोळी घातली तो दोन खुर्च्या सोडून बसलेला असे. शिवी द्यायची तर तोंडावर द्यावी लागे, म्हणून ती जरा जपूनच दिली जाई.

पुढचा बदल झपाट्याने झाला. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला; २०१८ साली 'पबजी मोबाइल' आला. एका बेटावर शंभर खेळाडू, शेवटी उरेल तो जिंकला. यात भलं काहीच नव्हतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. माझ्या ओळखीचा एक मुलगा नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, पण रात्री दहा वाजता त्याची गोडदेवातली चौकडी त्या बेटावर भेटायची. २०२०च्या टाळेबंदीत तर त्या मुलांना दुसरा कट्टाच उरला नव्हता.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात हा खेळही गेला. ३० ऑक्टोबरला त्याची सेवाही बंद झाली. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. मला दिसलं ते इतकंच, की चौघांकडे फोन तसेच होते, मैत्री तशीच होती. खेळ मात्र त्यांचा कधी नव्हताच. पुढे २०२१च्या जुलैत तो भारतापुरत्या नव्या नावाने परतला, २०२२च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३च्या मे महिन्यात पुन्हा आला. भाड्याच्या खोलीसारखं! कट्टा दुसऱ्याचा, कुलूपही दुसऱ्याचं.

हे फक्त सरकारी हुकमानेच होतं असं नाही. 'हेलो २' या गाजलेल्या खेळाची मूळ एक्सबॉक्सवरची ऑनलाइन सेवा कंपनीने १५ एप्रिल २०१० रोजी थांबवली. काही खेळाडूंनी यंत्रं बंदच केली नाहीत, जोडणी तुटू नये म्हणून. मे महिन्यात त्यांतला शेवटचाही बाहेर फेकला गेला. पण त्याच तबकडीवर शेजारी मित्राला बसवून तो खेळ आजही खेळता येतो. माझ्या मते नुकसान झालं आहे ते इथे. माणसं जोडली म्हणून खेळ बिघडला नाही. शेजारच्या भिडूची जागाच कित्येक नव्या खेळांतून काढून टाकली, म्हणून बिघडला. फुकट मिळणाऱ्या खेळात कमाई पोशाख नि बंदुकांचे रंग विकून होते, तेव्हा सगळ्यांना एकाच मंडपात आणणं कंपनीच्या सोयीचंच.

आपल्या पुण्यात दोन्ही तऱ्हा आहेत. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली आला. एकट्याने खेळायचा, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट. सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२४ साली आला, तो ऑनलाइन झुंडीचा. दुसऱ्याकडे गर्दी जास्त असणार, यात नवल नाही. पण वीस वर्षांनी कुणाला दाखवायचा झाला तर पहिल्याला कंपनीचा सर्व्हर चालू आहे का, हे विचारावं लागणार नाही.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना आमचं जुनं यंत्र सापडलं. फुंकर मारून कॅसेट घातली, 'कॉन्ट्रा' सुरू झाला. दुसऱ्या कंट्रोलरची वायर मात्र उंदरांनी कुरतडली आहे. ती जोडून देणारा कुणी स्टेशन रोडला अजून आहे का, ते विचारत हिंडतो आहे.