सरकारी कर्मचाऱ्यांचा सेवाभाव : पेडणे-डिचोलीच्या निमित्ताने

पगार, पेन्शन आणि कायमची नोकरी यांपलीकडे, आपल्या हातून लोकांचे काम व्हावे या ओढीने काही माणसे सरकारी नोकरीत राबतात. लोकप्रशासनाच्या अभ्यासात या ओढीला लोकसेवेची प्रेरणा म्हणतात. आपला साधा शब्द सेवाभाव. अमेरिकेतील जेम्स पेरी आणि लोइस वाइज यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. १९९६ मध्ये पेरी यांनी ती मोजण्यासाठी चार बाजू ठरवल्या : धोरण घडवण्यात रस, सार्वजनिक हिताची बांधिलकी, कणव आणि स्वतः झीज सोसण्याची तयारी. तालुक्याच्या कार्यालयात पहिलीला फारसा वाव नाही, धोरण पणजीत ठरते. उरलेल्या तीन मात्र काउंटरवर रोज दिसतात, किंवा दिसत नाहीत.

डिचोली हा खाणींचा तालुका. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि महिन्याचा पगार चुकत नाही अशी घरे कोणती, हे गावाने पाहिले. त्यामुळे सरकारी नोकरी धरताना आधी स्थैर्य आणि मग सेवा, असाच विचार होतो. त्यात वावगे काही नाही. स्थैर्यासाठी आलेला माणूसही पुढे मनापासून काम करू लागतो. पैसे मोजून आलेल्याचे तसे नसते, तो पहिल्या दिवसापासून वसुलीचा हिशेब मांडतो. २०२४ च्या अखेरीस नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे गोवा पोलिसांकडे गेली. २०१९ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरती होणे म्हणूनच महत्त्वाचे.

आता मामलेदाराच्या हाती काय असते ते पाहू. त्याला पगार वाढवता येत नाही, हाताखालचा कारकून निवडता येत नाही आणि काढणे तर जवळपास अशक्यच. वार्षिक अहवालात शेरा लिहिता येतो. पण प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात २००८ मध्ये दिला. निकाल योग्यच, पण वाद नको म्हणून सगळ्यांनाच चांगले लिहून मोकळे होणारे वरिष्ठही असतात. मग राबणारा आणि टाळणारा कागदावर सारखेच.

मुदतीचे कायदे तिन्ही राज्यांत आहेत. कर्नाटकचा २०११ चा, ज्यातून ‘सकाल’ योजना आली. गोव्याचा २०१३ चा, महाराष्ट्राचा २०१५ चा. खानापूरच्या माणसाला उशिराबद्दल दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. दोडामार्गच्या बाजूला अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. टाळाटाळ करणाऱ्याला याचा धाक बसतो, हे खरे. पण मुदत संपायच्या दिवशी एखादी त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की मुदतही पाळली जाते आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी आलेल्या मुलाचा हेलपाटाही चुकत नाही. दिवस मोजणारा कायदा इथे काही करू शकत नाही.

इथे ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला ‘स्वयंपूर्ण गोवा’ उपक्रम अभ्यासण्यासारखा आहे. १९१ पंचायतींसाठी सरकारी अधिकाऱ्यांना ‘स्वयंपूर्ण मित्र’ नेमले. शनिवारी गावात जायचे, कोणाची योजना कुठे अडली ते पाहायचे आणि खात्यांकडे पाठपुरावा करायचा. राजकीय श्रेय कोणाचे ते बाजूला ठेवू. फाईलमधला अर्जदार समोर खुर्चीवर बसला की काम करणाऱ्याचे मन बदलते, याला संशोधनाचाही आधार आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात देणग्या मागणारे टेलिफोन कर्मचारी, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला थोडा वेळ भेटले. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून जास्त झाला होता.

पण शनिवार सुट्टीचा. हौसेने जाणारा जातो, आणि पुढच्या वेळी निवडणूक, सर्वेक्षण, शिबिर हेही त्याच्याच गळ्यात पडते. सेवाभाव आटतो तो बहुतेक वेळा असा. मित्र म्हणून गेलेल्या माणसाचे सोमवारचे एखादे काम दुसऱ्याकडे देणे, काउंटर आणि अभिलेख विभाग यांत पाळी फिरवणे, एवढे तरी कार्यालय प्रमुखाला कोणाची परवानगी न घेता करता येते.

सगळ्यात अवघड गोष्ट फोनची. लहान तालुक्यात अर्जदार पंचाचा मेहुणा निघतो, नाहीतर आमदाराच्या माणसाचा शेजारी. अर्ज रांगेनेच घेतला म्हणून कारकुनाची बदली झाली, तर उरलेल्यांनी काय करायचे ते त्यांना त्याच दिवशी कळते. जुन्या गोव्यातील प्रशासन संस्थेत कितीही दिवसांचे प्रशिक्षण दिले तरी ते धुऊन निघत नाही. त्या वेळी मामलेदार ‘आदेश माझा होता’ असे म्हणतो का, यावर पुढची काही वर्षे त्या कार्यालयाचा कारभार ठरतो. महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने बदलीला साधारण तीन वर्षांची मुदत घातली आणि फाईल टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडू नये असेही त्यात लिहिले. सीमेपलीकडच्या वाचकांना त्याची अंमलबजावणी किती होते ते ठाऊक आहेच.

कंत्राटी कर्मचारी या सगळ्या हिशेबाबाहेर राहतात. काम तेच, पण ना बढती, ना पेन्शन. त्यातला एखादा म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म स्वतः भरून देतो, तेव्हा त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.