गोल्डफिशच्या टाकीतील शेवाळ

गोल्डफिश (कॅरॅशियस ऑरॅटस) पाळलेल्या घरगुती काचटाकीत काचेवर, खड्यांवर, पाणवनस्पतींवर किंवा खुद्द पाण्यात माजणारी सूक्ष्म, बहुधा हिरवी वाढ. बोलीत सगळ्याला शेवाळच म्हणतात. शास्त्रीय लेखनात शैवल हा शब्द रूढ आहे. उजेड आणि पाण्यात विरघळलेले नायट्रेट-फॉस्फेट यांवर ते जगते. टाकीतून शेवाळ कायमचे घालवता येत नाही आणि घालवण्याची गरजही नसते. त्याचे खाद्य आणि ऊन तोडले की ते आटोक्यात राहते. या नोंदीत मुळशी तालुक्यातील (जि. पुणे) रिहे व आसपासचे ऊन-पाणी डोळ्यापुढे ठेवून हा विषय मांडला आहे.

गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. त्याला जठर नसते, त्यामुळे तो दिवसभर चरत राहतो आणि तितकीच घाणही करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती केलेले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. माशाच्या दृष्टीने हे नायट्रेट बरेच निरुपद्रवी, पण शेवाळाला ते खत. बाजारात सर्रास मिळणाऱ्या २ × १ × १ फुटी टाकीत काठोकाठ भरले तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. तिच्यात सहा गोल्डफिश सोडले की पाणी हिरवे होणार हे ठरलेलेच. शेवाळाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या गर्दीत असते, आणि दुकानदार ते सहसा सांगत नाही. काचेच्या गोल भांड्यात तर हा मासा ठेवूच नये.

शेवाळाची जात ओळखली की निम्मे काम होते. नव्या टाकीत दोन-तीन आठवड्यांत काचेवर तपकिरी धूळ बसते, ती डायटमची. बोटाने सहज पुसली जाते आणि टाकी जुनी होत गेली की बहुधा आपोआप कमी होते. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके मात्र खरवडावे लागतात. केसांसारखे हिरवे धागे काडीभोवती गुंडाळून काढता येतात. खड्यांवर निळसर-हिरवी, बुळबुळीत, कुबट वासाची साय पसरली तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे खरे पाहता जिवाणू. पाणीच हिरवे दिसत असेल तर स्टीलच्या वाटीत घेऊन रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाशी गाळ बसून वर नितळ पाणी राहिले तर ती माती. हिरवटपणा तसाच राहिला तर पाण्यात तरंगणारे एकपेशीय शैवल.

उजेडाचा हिशेब जागेप्रमाणे बदलतो. रिहे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यावर आणि जुलैअखेर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर चढतो. त्यामुळे उन्हाळ्यात सावलीत असलेल्या दक्षिण खिडकीतून थंडीत ऊन खोलीत आतपर्यंत शिरते आणि मे महिन्यात स्वच्छ असलेली टाकी डिसेंबरात हिरवी पडते. पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले असते, म्हणून खिडकीशी ठेवलेली टाकी खपून जाते. ऑक्टोबरची उन्हे पडताच आठवड्याभरात काच दिसेनाशी होते. ऋतूबरोबर शैवलांचे प्रकारही पाळी बदलतात. एला गोन्साल्विस आणि डी. बी. जोशी यांनी वांद्र्याच्या एका तळ्याचा अभ्यास करून हा क्रम १९४६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता. टाकी खिडकीसमोरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लावावी आणि दिवा दिवसाला सहा ते आठ तासच ठेवावा. पाणी हिरवे झालेच तर दिवा बंद करून टाकीवर तीन-चार दिवस जाड चादर टाकावी, पण त्या काळात एअर पंप चालू हवा. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते, म्हणून चादर काढल्यावर निम्मे पाणी टप्प्याटप्प्याने बदलावे. जिवंत शेवाळही अंधारात ऑक्सिजन घेते. हिरव्या पाण्याच्या टाकीत रात्री वीज गेली की पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकताना दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते.

खाणे दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे आणि त्याच वेळी खड्यांतला गाळ नळीने ओढून घ्यावा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नळाखाली धुऊ नये, जिवाणू मरतात. नव्या पाण्याबाबत गावात एक गोष्ट विसरून चालत नाही. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकते आणि त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावे किंवा त्यात दुकानात मिळणारे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालावे. क्लोरीन नको म्हणून ओढ्याचे पाणी आणणे याहून वाईट. भातलावणीनंतर खाचरांना दिलेला युरिया त्याच पाण्यातून वाहत येतो.

वनस्पती शेवाळाच्या ताटातले खत खातात, पण गोल्डफिश त्या वनस्पतीच खातो. यावरचा सगळ्यांत सोपा तोडगा म्हणजे मनी प्लांट. त्याची मुळे पाण्यात आणि पाने बाहेर राहतील अशा बेताने वेल टाकीच्या काठाला अडकवावा. मासे मुळे थोडी कुरतडतात, पण वेल तग धरतो.

काच खरवडायला जुने एटीएम कार्ड उत्तम. भांड्यांचा साबण किंवा पावडर टाकीच्या आसपासही आणू नये. मागची काच मुद्दाम तशीच ठेवावी. गोल्डफिश तिच्यावरचे कोवळे शेवाळ दिवसभर टिपत राहतो.

मोरचूद हा शेतकऱ्याच्या घरात सहज सापडणारा आणि टाकीसाठी अत्यंत धोक्याचा उपाय. त्यातल्या तांब्यामुळे शेवाळ मरते खरे, पण पाणी जितके मऊ तितके मोरचूद माशाला अधिक मारक, आणि गोगलगायी तर वाचतच नाहीत. तुरटीने पाणी नितळ दिसते, पण त्याचा सामू घसरतो. पेंढा टाकण्याचा प्रयोग तळ्यापुरता ठीक, बंद टाकीत तो कुजतो.

शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा गोल्डफिशच्या सोबतीला घेऊ नये. तो फूटभर वाढतो, त्याला अधिक उबदार पाणी लागते आणि मोठा झाला की गोल्डफिशच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. नकोसा झाला म्हणून ओढ्यात सोडला तर परिणाम दूरवर जातात. मुळशीचे पाणी मुळेतून मुळा-मुठेला, तिथून भीमेला आणि शेवटी उजनीच्या जलाशयाला मिळते. पुणे-पिंपरीच्या सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटमुळे उजनीचे पाणी आधीच हिरवे पडते. टाकीत घडते तेच तिथे ११७ टीएमसीच्या धरणात घडते, आणि हे पाणी सोलापूरकर पितात. नको असलेला मासा दुकानात परत द्यावा. टाकीतून काढलेले पाणी ओढ्यात न ओतता कढीपत्त्याला किंवा कुंड्यांना घालावे. शेवाळ पोसणारे नायट्रेट तिथे पानाला लागते.