प्लॅटिनमच्या दोन वाटा

कर्करोगाचे औषध आणि त्या औषधाने होणाऱ्या वेदनेवरचा एक उपाय, या दोहोंचा माग काढताना मी १९६५ या एकाच सालापाशी येऊन थांबलो.

बार्नेट रोझेनबर्ग मिशिगनमध्ये जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, पण त्यांचे विभाजन थांबले. हा प्रताप विजेचा नसून इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगांचा होता. ही नोंद १९६५मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातूनच पुढे सिस्प्लॅटिन हे औषध आले. १९७८मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि वृषणाच्या कर्करोगाचे असंख्य तरुण रुग्ण त्यातून वाचले.

त्याच साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा ‘द्वार-सिद्धान्त’ मांडला. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवू शकतात, असे त्यांचे म्हणणे. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो, त्याचे मर्म हेच. १९६७मध्ये नॉर्मन शीली यांनी ही कल्पना एका वृद्ध रुग्णावर आजमावली. मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून सौम्य प्रवाह सोडताच त्याची वेदना शमली. तो रुग्ण फुफ्फुसाच्या कर्करोगाचा होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण पुढे हा उपाय वळला तो मुख्यतः पाठदुखीकडे. इकडे सिस्प्लॅटिनने वाचलेल्यांच्या हातापायांत मुंग्या, बधिरता, आग उरली. काहींची तर औषध थांबल्यावरही महिनोन्‌महिने वाढत गेली. मज्जारज्जूलगतच्या संवेदी चेतापेशींना प्लॅटिनमने इजा केलेली असते. आज मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रोडची टोकेही बहुधा प्लॅटिनम-इरिडियमचीच असतात!

मधुमेहाच्या चेतावेदनेसाठी या उपचाराला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीच्या वेदनेबाबत मात्र हाती आहेत ती प्रामुख्याने एकेका रुग्णाची वृत्ते आणि छोटे अभ्यास. एवढ्यावर कुणाला खात्री देता येणार नाही. शिवाय कर्करोगाच्या रुग्णाला वारंवार एमआरआय लागतो आणि जुन्या उपकरणांना तो चालत नसे. तरीही मला वाटते, मूळ कारण हिशेबाच्या वहीत आहे. रुग्ण किती वर्षे जगला, याचा रकाना तिच्यात पहिल्यापासून होता. सदऱ्याची बटणे त्याला स्वतः लावता येतात का, हा रकाना फार उशिरा आखला गेला.