जमिनीची यादी : मावळांतील मोजणीपासून संकेतस्थळापर्यंत



लोणावळ्यास आपलें एखादें घर असावें, अशी इच्छा मुंबई-पुण्याच्या पुष्कळ कुटुंबांत असते. पूर्वीं अशा वेळीं ओळखीचा गृहस्थ किंवा दलाल गांठावा लागे. आतां हातांतल्या दूरध्वनीवर किंमत आणि चित्रें ह्यांसह शेंकडों घरांच्या याद्या उघडतात. विक्रीच्या मिळकतींचें असें संकेतस्थळ कोणी, कशासाठीं आणि कोणत्या विचारानें सिद्ध करवावें, हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु जमिनीची यादी करण्याचा उद्योग आपल्या मुलखाला नवा नाहीं. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते, ती ही, कीं यादी ज्यानें करविली असेल त्याच्याच प्रश्नाचें उत्तर ती देते.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि नव्या सरकारापुढें पहिला प्रश्न आला तो साऱ्याचा. १८२० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें पुणें जिल्ह्याची मोजणी हातीं घेतली. शेताचें निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवावा, असा त्याचा विचार होता. विचार शास्त्रीय, पण मोजणी सदोष आणि सारा जड. त्यामुळें ती व्यवस्था टिकली नाहीं. पुढें १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि विंगेट ह्यांनीं इंदापुराकडून नव्यानें काम सुरू केलें. जमिनीची प्रत पाहून तिचा वर्ग ठरवावा, शेताला क्रमांक द्यावा आणि सारा तीस वर्षें कायम ठेवावा, ही त्यांची पद्धति होय. सर्व्हे नंबर हा शब्द आपल्या खेडुतांच्या तोंडीं बसला तो ह्याच मोजण्यांमुळें. ही यादी उत्तम होती. पण सारा कोणाकडून किती यावयाचा, एवढेंच तिला विचारलें होतें.

ह्यानंतर मावळांत आगगाडी आली. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला आणि बोरघाटाचा अवघड चढ १८६३ सालीं खुला झाला. घाट खुला होतांच मुंबईच्या धनिकांना खंडाळा-लोणावळ्याची थंड हवा कांहीं तासांच्या अंतरावर आली. बंगले उठूं लागले. १८७७ सालीं लोणावळ्यास नगरपालिकाहि झाली. येथें एक मोठा फरक पडला. तोंवर जमीन घेणारा बहुधा शेजारच्याच गांवचा असे. बांध कोणाचा, वाट कोठून, खाचर कोणतें आणि वरकस कोणतें, हें त्याला कोणी सांगावें लागत नसे. आगगाडीनें येणाऱ्या गृहस्थास ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागलें आणि तो शब्द पुरविणें हा एक धंदा झाला.

ह्या धंद्याच्या इतिहासांत १९०८ हें साल लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं हिंदुस्थानांत दस्तनोंदणीचा कायदा झाला. त्यांत नोंदवलेल्या दस्तांच्या सूची ठेवण्याची सोय आहे : पहिली माणसांच्या नांवानें, दुसरी मिळकतीच्या वर्णनानें. त्याच वर्षीं अमेरिकेंत शिकागो शहरीं घरजमिनीच्या दलालांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आपल्याकडील मिळकती एकमेकांस कळवून विकाव्या आणि दलाली वांटून घ्यावी, ही तिकडील दलालांची रीत तिच्या आश्रयानें वाढली. आपल्याकडे झालेल्या व्यवहारांची यादी सरकारानें केली. तिकडे होऊं घातलेल्या व्यवहारांची यादी विकणारांनीं केली. घेणाऱ्यानें करविलेली यादी दोन्हींकडे नव्हती.

आणखी एक माणूस ह्या याद्यांबाहेर राहिला, तो म्हणजे कसणारा. शेजारच्या मुळशी पेट्यांत १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापति बापटांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलेलें आहे. तेथील पुष्कळ जमिनी कागदोपत्रीं सावकारांच्या होत्या आणि त्यांवर राबणारीं कुळें वेगळीं होतीं. मोबदल्याचा हिशेब कागदावरच्या नांवाशीं झाला. चूल विझली ती दुसऱ्याची. शाळेंतील हजेरीपटावरून मुलगा वर्गांत होता एवढें कळतें. तो काय शिकला, तें कळत नाहीं. सातबाराचेंहि थोडेंबहुत तसेंच आहे. त्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. पण ती नोंद म्हणजे मालकीचा निर्णय नव्हे.

२००२ सालीं मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग पूर्ण झाला आणि मावळांतील जमिनीस पुन्हा एकदां नवें गिऱ्हाईक आलें. याद्याहि त्याच सुमारास कागदावरून संकेतस्थळावर गेल्या. इंग्लंडांत राईटमूव्ह हें संकेतस्थळ २००० सालीं तेथील मोठ्या दलाली पेढ्यांनीं काढलें. आपल्याकडे नाइन्टीनाइन एकर्स २००५ सालीं आणि मॅजिकब्रिक्स २००६ सालीं निघालें. शोध सोपा झाला, हा ह्या साधनांचा मोठा उपकार आहे. परंतु जाहिरातीचे पैसे विकणाऱ्यानें द्यावयाचे आणि विश्वास मात्र घेणाऱ्यानें ठेवावयाचा, ही जुनी अडचण त्यानें सरली नाहीं.

२०१६ चा रेरा कायदा आणि २०१७ सालीं स्थापन झालेलें महारेरा ह्यांनीं प्रथमच घेणाऱ्याच्या बाजूनें यादी करविली. नोंदणीयोग्य प्रकल्पाची जाहिरात नोंदणी क्रमांकावांचून करतां येत नाहीं आणि खोट्या जाहिरातीनें झालेल्या नुकसानीची भरपाई मागतां येते. पण जमीन पांचशें चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा घरें आठांहून अधिक नसतील, तर तो प्रकल्प नोंदणींतून सुटतो. जुन्या बंगल्याच्या पुनर्विक्रीसहि ही नोंदणी लागत नाहीं. लोणावळ्याचे पुष्कळ सौदे नेमके ह्याच प्रकारचे असतात. शिवाय १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें, कांहीं अपवाद सोडल्यास, शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. डोंगर, धुकें आणि धबधबा ह्यांच्या चित्राखालीं ही गोष्ट लिहिलेली नसली, तर आयुष्याची पुंजी अडकते.

तेव्हां असें संकेतस्थळ करविणाऱ्यानें कारागिरास बोलावण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर ठरवाव्या. पहिली, यादी कोणाच्या प्रश्नासाठीं आणि कोणाच्या पैशानें चालणार. पैसे घेऊन वर आणलेली नोंद तशी म्हणून दाखवावी. दुसरी, एका मिळकतीची एकच नोंद असावी. पांच दलालांनीं एकच बंगला पांच किंमतींस मांडला तर यादी फुगते, ज्ञान वाढत नाहीं. म्हणून खेड्यांत गट क्रमांक आणि शहरांत नगर भूमापन क्रमांक हीच नोंदीची ओळख धरावी. तिसरी, शब्दांचा अर्थ बांधून घ्यावा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चटईक्षेत्राची व्याख्या रेरा कायद्यानें केलीच आहे. जमीन शेतीची कीं बिगरशेतीची, भोगवटा वर्ग एक कीं दोन, वाट कागदावर आहे कीं शेजाऱ्याच्या मर्जीवर, पाणी उन्हाळ्यांत असतें कीं नाहीं, ह्यांस वेगळे रकाने असावे आणि प्रत्येक उत्तरापुढें तें कोणत्या दिवशीं, कोणीं तपासलें तें लिहावें. जें तपासलें नाहीं, तें तपासलें नाहीं असें स्पष्ट दिसावें.

चौथी गोष्ट काम ताब्यांत घेण्याची. आधीं एकाच गांवच्या थोड्या नोंदी घालून, त्या जागेवर जाऊन पडताळून पाहाव्या. मगच दार उघडावें. नोंदींची मालकी करविणाऱ्याकडे राहील, विकलेलें घर ठराविक मुदतींत यादींतून निघेल आणि तक्रारीस उत्तर देणारें माणूस नेमलेलें असेल, हें करारांतच लिहावें. उद्घाटन झालें म्हणजे काम संपलें असेंहि समजूं नये. बोरघाट १८६३ सालीं थाटानें खुला झाला. चारच वर्षांनीं, १८६७ सालीं, त्यांतील एक मोठा पूल कोसळला. गाड्या पुढें चालल्या त्या पूल पुन्हा बांधला म्हणून आणि घाटावर रोज नजर ठेवणारी माणसें होतीं म्हणून.

मावळांत जमीन वाढत नाहीं, गिऱ्हाईक वाढतें. अशा ठिकाणीं खरी यादी ही घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्या शेतकऱ्याच्याहि हिताची आहे. कारण आपल्या शेजारचें रान काय भावानें आणि कोणत्या अटींवर गेलें, हें त्यालाहि तिच्यावरूनच कळावयाचें आहे.