फ्लॉरेन्सच्या गुमास्त्याची चीनची वाट

धनाच्या आशेनें परमुलखांत जाणाऱ्या माणसास दोन हिशेब ठेवावे लागतात: एक मालाचा आणि दुसरा जिवाचा. पहिल्याच्या वह्या इतिहासकारांस पुष्कळ सांपडतात. दुसरा बहुधा माणसाबरोबरच नाहींसा होतो. हे दोन्ही हिशेब एकत्र मांडणारा एक दुर्मीळ ग्रंथ १३४० च्या सुमारास इटलींत सिद्ध झाला. फ्लॉरेन्समधील बार्दी या प्रसिद्ध पेढीचा गुमास्ता फ्रान्चेस्को पेगोलोत्ती हा त्याचा कर्ता होय. पेढीच्या कामासाठीं त्यानें अँटवर्प, लंडन व सायप्रस येथें वर्षें काढलीं होतीं. चीनला मात्र तो कधींच गेला नाहीं. त्या वाटेनें जाऊन आलेल्या व्यापाऱ्यांकडून जें कळलें, तें त्यानें नव्या प्रवाशांसाठीं लिहून ठेविलें.

ही वाट डॉन नदीच्या मुखाजवळील ताना या बंदरापासून सुरू होई. तेथून अस्त्राखान, सराई, उरगंज, ओत्रार व अल्मालिक असे मुक्काम करीत व्यापारी चीनला पोंचत. हा सर्व प्रदेश तेव्हां चंगीझखानाच्या वंशजांच्या सत्तेखालीं होता. अशा प्रवासास निघणाऱ्यास पेगोलोत्तीचा पहिला उपदेश असा कीं, त्यानें दाढी वाढवावी. कारण तो देत नाहीं. परंतु परक्या मुलखांत आपलें परकेपण जितकें कमी डोळ्यांत भरेल तितकें बरें, हें उघड आहे. दुसरा उपदेश दुभाष्याविषयीं आहे. चांगल्या दुभाष्यास पगार जास्त द्यावा लागला, तरी त्याच्यामुळें जी नुकसानी टळते तिच्यापुढें तो पगार कांहींच नव्हे. म्हणून येथें काटकसर करूं नये. कुमान भाषा जाणणारे दोन नोकर बरोबर असावे. अस्त्राखानपर्यंत पंचवीस दिवस पुरेल इतकें पीठ आणि खारे मासे घ्यावे; मांस वाटेंत हवें तेवढें मिळतें.

यापुढील भाग अधिक मनोवेधक आहे. चीनची वाट दिवसा काय, रात्रीं काय, अगदीं निर्धोक आहे असें तो म्हणतो. त्यांतल्या त्यांत ताना ते सराई हा टप्पा कमी सुरक्षित. परंतु साठ माणसांचा मेळा असला म्हणजे तेथेंही घरच्यासारखी निश्चिंती. आपल्याकडील काशीयात्रेचे संघ याच न्यायानें निघत असत. मात्र दोन प्रसंगीं ही निश्चिंती उरत नाहीं. व्यापारी वाटेंत मेला तर त्याची सारी मत्ता त्या मुलखाच्या धन्याकडे जाते. सख्खा भाऊ, किंवा स्वतःस भाऊ म्हणविणारा जिवलग सोबती जवळ असेल, तरच ती वांचते. दुसरा प्रसंग मुलखाचा धनीच मरण्याचा. नव्या खानाची द्वाही फिरेपर्यंत परदेशीयांवर जुलूम होण्याचा संभव असतो.

ही सूचना पोकळ नव्हती. १३३५ सालीं इराणचा सुलतान अबू सईद निपुत्रिक वारला. त्याच्या मागें राज्याचे तुकडे पडले आणि तब्रीझचा भरभराटीचा व्यापार संकटांत सांपडला. १३३९ च्या सुमारास अल्मालिक येथें राज्यक्रांतीच्या गोंधळांत ख्रिस्ती साधूंबरोबर एका इटालियन व्यापाऱ्यासही प्राण गमवावे लागले. यावरून असें दिसतें कीं, त्या वाटेवरील अभय प्रवाशाच्या तलवारीचें किंवा देशाच्या मायभूमीसारख्या प्रेमाचें नव्हतें; तें खानाच्या हुकुमाचें होतें, आणि हुकूम देणाऱ्याबरोबरच तें जात असे.

परंतु पेगोलोत्तीनें न लिहिलेला एक धोका त्याच्या ग्रंथानंतर थोड्याच वर्षांत प्रत्यक्षास आला. १३४३ सालीं ताना येथें अंद्रेओलो चिव्रान या व्हेनिसच्या गृहस्थाची आणि हाजी उमर या स्थानिक मातबराची बाचाबाची झाली. उमरनें त्याच्यावर हात टाकला. चिव्राननें तो अपमान मनांत धरून पुढें त्यास ठार केलें. गांव खवळला, इटालियनांचीं वखारें लुटलीं गेलीं, कित्येक मारले गेले, उरलेल्यांनीं समुद्राची वाट धरली. जानीबेग खान तेव्हां गादीवर येऊन फार काळ लोटला नव्हता. त्यानें त्यांस हांकून दिलें आणि जिनोआकरांच्या काफा बंदरासही वेढा घातला. व्हेनिसकरांना ताना येथें पुन्हां परवानगी मिळण्यास १३४७ साल उजाडावें लागलें.

या प्रकरणांत वाटमारे नव्हते आणि गादीही रिकामी नव्हती. दाढी, दुभाषी, साठ माणसांचा मेळा यांपैकीं कशाचाच उपयोग झाला नाहीं. कारण धोका व्यापाऱ्याच्या स्वतःच्या रागांतून उत्पन्न झाला. उसन्या अभयावर जगणाऱ्यानें आपल्या मानापमानासही परमुलखांत आवर घालावा लागतो, कारण त्याच्या एका घावाची किंमत त्याचे निरपराध देशबांधव देतात. सहाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, वाटा बदलल्या, वाहनें बदललीं. जिवाच्या हिशेबांतील हें कलम मात्र अजून जमेस धरावें लागतें.