खलाशाचा तांडेल कसा होत असे

मासेमारी ही समुद्रावरील मृगयाच होय. रानातल्या शिकाऱ्यास सावजाचे पाऊल तरी दिसते. आपणांस पाण्याखालचे सावज पाण्याच्या रंगावरून, ओढीवरून व वाऱ्यावरून ओळखावे लागते. ही विद्या तांडेलाने खलाशास दिली, त्याने पुढच्यास दिली, आणि प्रौढ वयात होडीवर आलेल्यांनाही ती मिळाली. ती कशी मिळत असे, हे ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात या विद्येची साक्ष जागोजागी आहे. 1679 साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून वाट अडविली. तरीही आपल्या किनाऱ्यावरील लहान होड्या उथळ पाण्यातून निसटून रसद पोहोचवीत राहिल्या. जंजिऱ्याच्या मोहिमेत पराक्रम गाजविणाऱ्या लाय पाटलांस महाराजांनी पालखी देऊ केली असता, दर्यावर्दीस पालखी काय करावयाची, असे म्हणून त्यांनी ती नम्रपणे नाकारली. तेव्हा महाराजांनी त्यांना ‘पालखी’ नावाचे तारू दिले, असे सांगतात.

आमचे वडील डोलीच्या होडीवर तांडेल होते. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून लावलेले पिशवीसारखे जाळे. ओढ मंदावली की ते उचलावयाचे. म्हणून उधाण कोणते, भांग कोणता, हे अंगात मुरलेले असावे लागे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ सुमाराने येते; अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती, हा हिशेब होडीवर तोंडपाठ असे. जाळ्याची जागा जमिनीवरील खुणांनी ठरे. कनकेश्वराचा डोंगर व किनाऱ्यावरील एखादे झाड एका रेषेत, तर 1867 साली बांधलेला खांदेरीचा दीपस्तंभ दुसऱ्या खुणेच्या रेषेत, म्हणजे दोन रेषा जेथे मिळत तेथे जाळे.

जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व पुढे कित्येक कामगार गावी परतले. त्यांत आमच्या शेजारचा तिशीचा एक गृहस्थ होता. नारळी पौर्णिमेनंतर तो वडिलांकडे आला. पहिल्या मोसमात त्याने पाणी उपसले, दोर ओढले, जाळी विणली, वाटा अर्धा. वडील सांगत फारसे नसत, मात्र होडी लोटण्यापूर्वी रोज विचारीत, “आज तिथी कोणती? पाणी कोणीकडे ओढेल? मतलई किती वेळ टिकेल?” चुकला तरी रागावत नसत, समुद्रावर गेल्यावर उत्तर त्याचे त्यालाच दिसे. दुसऱ्या मोसमात भांगाच्या शांत पाण्यावर सुकाणू त्याच्या हाती आले, वडील शेजारी. तिसऱ्या मोसमात वडील नाळेवर, त्याच्याकडे पाठ करून बसू लागले. गुरूने पाठ फिरविणे हाच तिथला मोठा धडा होता.

चौथ्या मोसमात, वैशाखात, जाळे उचलण्याची वेळ झाली असता त्याला नैऋत्येस काळोखी दिसली. त्याने जाळे तसेच सोडून होडी फिरविली. वडील बोलले नाहीत. पण वादळ आलेच नाही! इतर होड्या बोंबिलांनी भरून परतल्या, आणि बंदरावर लोक हसले. तो खाली मान घालून उभा असता वडील म्हणाले, “वारा आला नाही, हे नशीब. तू पाहिलेस ते खरे होते. उद्यापासून माझ्यावाचून जा.” वडिलांनी त्याची परीक्षा माशांवर घेतली नाही, रिकाम्या हाताने परतण्याच्या धैर्यावर घेतली.

येथे आम्हांस आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. आम्ही स्वतः मास्तरकी पत्करली, आणि वर्गात अभ्यास न करणाऱ्या मुलास “होडीवर जाशील” असा धाक कित्येक वर्षे घातला. ज्या विद्येवर आमचे शिक्षण झाले, तिलाच आम्ही शिक्षा ठरविले. आज आपल्या अनेक होड्यांवर परप्रांतांतले व नेपाळातले खलाशी कष्ट करतात. त्यांचा दोष नाही. आपली मुले मात्र मालक असूनही सुकाणू धरू शकत नाहीत.

आता जीपीएस जागा दाखविते आणि हैदराबादच्या संस्थेकडून मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचनाही मिळते. वर्सोवा व अलिबाग येथील प्रशिक्षण केंद्रांत सहा महिन्यांचे शिक्षण आहे. त्याचा लाभ तरुणांनी अवश्य घ्यावा. परंतु केव्हा परतावयाचे, हे यंत्र ठरवीत नाही; ते जाणत्याच्या सहवासातच कळते.

म्हणून वयोवृद्ध तांडेलांस आमची विनंती आहे: 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात जाळी दुरुस्त करताना घरातील वा शेजारचा एक तरी तरुण जवळ बसवा. तो पंचविशीचा असो की पस्तिशीचा, नोकरी सुटून आलेला असो, त्यास उशीर झाला असे म्हणू नका. त्याला प्रश्न विचारा, सुकाणू द्या, आणि योग्य वेळी त्याच्याकडे पाठ करून बसा.