पलंगावरून भिंतीवर : क्विल्टची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरातल्या गोधडीवर ती शिवणारीचं नाव आहे का? नसणारच. माझ्याही घरी नाही. जुनी नऊवारी, धावदोरा, ऊब. फाटली की विषय संपला.

अमेरिकेत क्विल्टचंही बहुतेक वेळा हेच व्हायचं. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापूस, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारे टाके. बाईनं शिवायची, घरानं पांघरायची.

मग 1971 साल आलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जुन्या क्विल्ट्स थेट भिंतीवर लागल्या, अगदी चित्रांसारख्या. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी त्या जमवल्या होत्या. लोक बघतच राहिले. चौकोन, पट्टे, भडक रंग... आधुनिक चित्रकार जे करत होते, ते या बायकांनी कितीतरी आधी करून ठेवलं होतं!

पण मला इथे एक गोष्ट खटकते. कौतुक झालं ते क्विल्ट चित्रासारखी दिसते म्हणून. करणाऱ्या बहुतेक बायका मात्र ‘अनामिक’च राहिल्या. पॅट्रिशिया मेनार्डी यांनी 1973 मध्ये याच मुद्द्यावर खरमरीत लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की अनेक बायकांनी क्विल्टवर नाव आणि साल घातलेलं होतं. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता यात रंग कुठून आला? दुकानातलं कापड म्हणजे दुकानदार देईल तो रंग. एकाच निळ्याच्या आठ छटा हव्या असतील तर? इथे कामाला आलं रसायनशास्त्र. 1956 मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीनं ‘प्रोसिऑन’ रंग बाजारात आणले. हा रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंधानं जोडला जातो, म्हणून धुतला तरी टिकतो. उकळायची गरज नाही. बादली, मीठ, धुण्याचा सोडा, बस्स! छटांचा हिशोबही सोपा: कापड तेवढंच ठेवायचं आणि रंग दर बादलीला निम्मा करायचा. 8 ग्रॅम, 4, 2, 1. गडद निळ्यापासून फिक्या आभाळापर्यंत सगळं घरच्या घरी.

म्हणजे काय झालं, की चित्रकार जसा रंग कालवतो तसं कापड ‘कालवता’ येऊ लागलं. आता क्विल्ट पलंगासाठी नव्हे, भिंतीसाठीच आखली जाऊ लागली.

तरी दाखवायची कुठे? ओहायोतल्या अथेन्स गावात 1914 मध्ये बांधलेला गाईंचा एक मोठा गोठा होता, मनोरुग्णालयाच्या मालकीचा. तो पाडायचं ठरलं होतं, पण गावकऱ्यांनी वाचवला. 1979 मध्ये नॅन्सी क्रो, फ्रांस्वाज बार्न्स आणि व्हर्जिनिया रँडल्स यांनी तिथे ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू केलं. पुढे ते दर दोन वर्षांनी भरू लागलं. क्रो पुढे हातानं रंगवलेल्या सुती कापडासाठी ओळखल्या गेल्या. पट्टी न लावता, थेट नजरेनं त्या कापड कापतात.

माझ्या मते खरा बदल या गोठ्यात झाला. इथे भिंतीवर क्विल्ट होती आणि शेजारी ती करणाऱ्याचं नावही होतं.

तर मंडळी, एक काम करा. घरातली गोधडी कुणी शिवली ते आजच विचारा आणि तिच्या कोपऱ्यात ते नाव दोऱ्यानं घाला. सालासकट. भेटू पुढच्या भागात!